नानीने जपून ठेवलेली बॅटरी

रविवारी सकाळी नानी नातवाशी बोलायची, ती चार्जरची पिन अंगठ्याने दाबून धरून. अंगठा जरा सरकला की लॅपटॉप बंद, आणि कॅनडातला आरू बोलता बोलता गायब. मोबाइलवर तिला चेहरे ओळखू येत नसत, नजर अधू झाली होती. त्यामुळे मुलाने जाताना ठेवलेला तो जुना लॅपटॉप हाच तिचा मुलगा, सून आणि नातू. प्लगजवळची खुर्ची सोडून ती हलायची नाही.

रोडपालीत मी तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी. आमच्या वाडीत कॉलेज पूर्ण करणारी पहिली मुलगी मी. हे मी सांगते, त्यात लाजायचं काय? नानीही गल्लीभर सांगायची, "आमची भाडेकरीण ग्रॅज्वेट हाय, तुमच्या सुनांसारखी नाय." सुना समोर उभ्या असल्या तरी.

जपून ठेवणं हा तिचा धर्म. काचेचे कप कपाटात, चहा कान तुटलेल्या कपात. सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक. "रोज वापरली तं वस्तू राहील काय, पोरी?"

आरूच्या वाढदिवशी पिन कितीही दाबली तरी लॅपटॉप लागेना. नानीने मला हाक मारली. मी प्लग बदलून पाहिला, ऑफिसचा चार्जर लावून पाहिला. पिनेची जागाच सैल झाली होती. लॅपटॉप उलटा केला, तर बॅटरीचा खण रिकामा.

विचारलं, तर नानीने कपाटातून सुती फडक्यात गुंडाळलेली बॅटरी आणली. वापरून वापरून बॅटरी उतरते, असं मुलगा एकदा बोलला होता. म्हणून तो गेला त्याच दिवशी तिने ती काढून ठेवली. परत येईल तेव्हा त्याला चांगली मिळावी. बॅटरी फुगून टम्म झाली होती. अशी लावायची नसते, हे सांगणं मला जड गेलं.

"पडून पडून पन खराब होते काय गं?"

होते, म्हटलं.

पनवेलला नेऊन मी लॅपटॉपच्या पिनेची जागा दुरुस्त करून घेतली, नवी बॅटरी घालून आणली. वाढदिवस हुकला तो हुकलाच.

पुढच्या रविवारी तिला वायर काढायला लावली. आधी घाबरली. मग लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून घरभर फिरली. पडवी, स्वयंपाकघर, मागचा शेवगा, आतल्या दोन खोल्या. आरूने आजवर फक्त खुर्चीमागची भिंत पाहिलेली.

"आजी, घरातली बाकीची माणसं कुठे आहेत?" त्याने विचारलं.

नानी थांबली. मी दारात उभी होते. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"ही काय, ही हाय ना."

नानी वारेपर्यंत दर रविवारी मी खाली जाऊन तिच्या मागे उभी राहायचे. बोलायचे काही नाही. नुसती दिसायचे.