साडूंनी ओरडून उचललेलं फाटक

सात फेब्रुवारी, रविवार. फाटक दुरुस्त करायचे वेल्डरने दोन हजार सातशे पन्नास रुपये सांगितले आणि मी त्याला वाटेला लावलं. बायकोला म्हटलं, "एवढ्यासाठी माणूस कशाला? मी करतो."

बिजागऱ्या झिजून आमचं लोखंडी फाटक बोटभर खाली बसलं होतं. रोज सकाळी बायको ते खांद्याने उचलून, फरशीवर खरडत उघडायची. मी आजवर एकच उपाय केला होता: कडी लागेना की खांबातलं भोक कानशीने खालच्या बाजूला वाढवायचं. हिशेब जुळेना म्हणून रक्कमच बदलावी, तसली ती दुरुस्ती. या वेळी मात्र तिच्या डोळ्यांदेखत फाटक नीट करून दाखवायचं होतं.

नेमके त्याच दुपारी साडू जेवायला टपकले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून जन्म गेलेला. पगार माझ्या निम्मा, सासुरवाडीत मान माझ्या दुप्पट.

पहार लावून मी घामाघूम झालो होतो. साडूंनी खाली वाकून पाहिलं.

"साडूभाऊ, टाच झिजलीय हो ह्या बिजागरीची! आत वायसरच्या चकत्या घाला, झालं."

"आणि उचलणार कोण? तुम्ही?"

"माणसं आहेत की एवढी!"

ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. समोरचा ड्रायव्हर चालला होता. साडूंनी आधी त्याचे बूट पाहिले, मग तोंड. "उजवी टाच जास्त झिजते का हो तुमची? गुडघा दुखत असेल." ड्रायव्हर थांबला तो थांबलाच. मग शेजारचा शिंपी आला, त्याचा भाऊ आला. साडू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून वायसर घेऊन आले, तेही उधार. आणि मागोमाग खुद्द दुकानदार! या गल्लीत मी बावीस वर्षं राहतो. समोरच्याचा गुडघा दुखतो, हे मला त्या दुपारी कळलं.

"हां, जोर लावा! अरे, जेवलात की नाही?" साडू ओरडले. चौघांनी हसत हसत फाटक उचललं, मी बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर वायसर सरकवले. फाटक खाली बसलं आणि कडी थेट मूळच्या जागी गेली.

बायकोने एका बोटाने ढकललं. फाटक निमूट उघडलं. ती हसली, तशी ती माझ्या कुठल्या कामावर हसल्याचं मला आठवत नाही.

"भावोजी, तुम्ही होता म्हणून झालं!"

"छे, छे! हात साडूभाऊंचे. मी नुसता ओरडत होतो."

खरं तेच होतं, म्हणून जास्त झोंबलं. मला श्रेयाचं दान नको होतं.

चहा पिऊन जाताना चौघेही साडूंना "परत या हं" म्हणाले. मला तसं म्हणायचं कारण नव्हतं, मी तिथेच राहतो. तरीही लागलं.

वायसरचे साठ रुपये माझ्या नावावर होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना दुकानात शिरलो. मी पाकीट काढायच्या आत दुकानदाराचा चेहरा फुलला.

"या, या! तुमचे साडू परत कधी येणार?"

"काही सांगता येत नाही," म्हणालो आणि तसाच बाहेर पडलो. आता मी पलीकडच्या गल्लीने जातो.

साठ रुपये द्यायचे राहिले आहेत.