नऊ नंबरची जर्सी

फुटबॉल क्लबात तिला सगळेच मावशी म्हणत, पण खरी मावशी ती एकाचीच होती. नऊ नंबरची जर्सी घालून मिरवणारा कॅप्टन हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण कारखान्यात पाळ्या करायची, म्हणून सहाव्या वर्षापासून पोरगा वाढला तो मावशीकडे; मोठा झाल्यावर आईकडे परत गेला. मैदानाच्या कडेला उभा राहून "मावशी, पाणी!" असं तो ओरडायचा, ती हाक बाकीच्यांनी उचलली. एकोणीस वर्षांत तिचं नाव हजेरीच्या वहीतसुद्धा कुणी धड लिहिलं नाही. तिला त्याचं काही नव्हतं. राग यावा अशा गोष्टी जगात पुष्कळ आहेत, नावासाठी कशाला जीव जाळायचा, असं ती म्हणायची. आणि राग मात्र तिला भरपूर यायचा.

तिची धुण्याची खोली कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे होती. वर पत्रा, खाली सिमेंटच्या दोन टाक्या, एक लांब लाकडी फळी आणि एक म्हातारं मशीन. ते पिळायला लागलं की जागा सोडून दाराकडे चालायला लागायचं. मावशी पाय लावून त्याला अडवायची. "कुठे निघालास? मला सुट्टी नाही, तर तुला कुठली?" साबणाचं पाणी ती मागच्या नळाजवळ ओतायची, त्यामुळे तिथे बारा महिने चिखल. अध्यक्षांनी त्यावरून तिला दोनदा सुनावलं होतं. दोन्ही वेळा तिने विचारलं, "मग तुमच्या दुकानात आणून ओतू का?"

क्लबात येण्याआधी तिने अकरा वर्षं एका इस्पितळात चादरी धुतल्या. डाग वाचायला ती तिथे शिकली. सामने ती कधी बघत नसे. नंतर फळीवर बघायची. अकरा जर्स्या आल्या की त्यांचे तीन ढीग करायचे. जी नुसती घामेजली ती मशीनमध्ये, जी मळली ती टाकीत भिजत, आणि जिचा आकडाही दिसत नाही ती ब्रशने घासायला. तीन नंबरचा बुटका पोरगा दर आठवड्याला तिच्या मनगटांचा जीव घ्यायचा. "मेल्या, मैदानावर खेळतोस की लोळतोस?" असं ती त्याला म्हणायची, आणि त्याची जर्सी सगळ्यांत जास्त मन लावून घासायची.

आणि नऊ नंबर? गेले सात सामने नऊ नंबर सरळ मशीनमध्ये. काखेत थोडा घाम, तोही उन्हाचा. कोपर स्वच्छ, छाती स्वच्छ, पाठ स्वच्छ. सात सामने संघ हरत होता आणि कॅप्टन इस्त्रीची घडी न मोडता मैदानातून परतत होता. मावशीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण आपला तो बाळ्या. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने ती जर्सी काठीवर लावून गावभर फिरवली असती.

बाहेर सगळं खापर फुटत होतं ते मॅनेजरवर. या माणसाला पोरांनी नाव ठेवलं होतं घुम्या. दोन वर्षांत तो मावशीशी एकदाच बोलला होता, तेही "तीन नंबरची शिवण उसवलीय" एवढंच. ना नमस्कार, ना कशी आहेस. मावशीला तो मुळीच आवडत नसे. एक गोष्ट मात्र ती नाकारू शकत नव्हती. पोरं जर्स्या अंगातून ओरबाडून बोळे करून टोपलीत फेकायची. घुम्या त्या एकेक उचलायचा, उलट्या बाह्या सुलट्या करायचा, चिखल झटकायचा आणि मग टोपली आणून दाराशी ठेवायचा. एकोणीस वर्षांत सहा मॅनेजर झाले. बाह्या सुलट्या करून देणारा हा पहिलाच.

सातव्या पराभवानंतर गुरुवारी संध्याकाळी सभासदांची सभा भरली. विषय एकच, मॅनेजरला ठेवायचं की घालवायचं. पाच वर्षं काम केलेल्या माणसाला क्लबचं सभासदत्व मिळे, तेव्हा मावशीही सभासद होतीच. ती नेहमी दाराजवळच्या स्टुलावर बसायची. आजवर तिने एकदाही हात वर केला नव्हता.

अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. ते उठले आणि म्हणाले, "सात सामने! माझ्या दुकानातली कपाटं नेऊन उभी केली असती, तरी दोन-चार गोल अडले असते."

लोक हसले. पंक्चरवाला बाकावरून उठला. "या माणसाचं डोकं संपलंय. पोरांना पहाटे साडेपाचला पळवतो म्हणे! पोरं थकणार नाहीत तर काय होईल?"

"मागच्या वर्षी याच माणसाने आपल्याला खालच्या गटात जाताजाता वाचवलं," पोस्टमन म्हणाला. "तेव्हा याला खांद्यावर घेऊन नाचणारे तुम्हीच होतात ना?"

"मागचं वर्ष मागे गेलं."

"मग अक्कलही त्याच्याबरोबर गेली का?"

यावर बराच आरडाओरडा झाला. मॅनेजर भिंतीशी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

तो उभा राहिला. "सराव पहाटे साडेपाचला असतो. अकरातले पाच-सहा जण येतात." आणि खाली बसला. स्वतःची बाजू मांडायची ही काय रीत झाली? मावशीला त्याचाही राग आला.

मग कॅप्टन उठला. केस नीट बसवलेले, आवाज भरून आलेला. "आम्ही जीव तोडून खेळतो. पण डावपेचच चुकीचे असतील तर आम्ही काय करणार? या माणसाने आमच्यातला जोमच काढून घेतलाय. सामना संपल्यावर आमच्या अंगावरचे कपडे बघा एकदा. चिखलाचा थर असतो! माझं खोटं वाटत असेल तर विचारा माझ्या मावशीला."

सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

सात आठवडे तिने पोटात घातलं होतं. अजून सात घातलं असतं. पण पोरगा स्वतःच्या खोट्यावर तिची सही मागत होता, तीही चारचौघांत, तिला न विचारता. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर अंगण वाकडं असल्याची साक्ष मावशीने द्यायची!

ती उठली. "तीन नंबर मी ब्रशने घासते. पाच आणि आठ रात्रभर भिजत घालते. नऊ नंबर धुतली नाही आणि नुसती घडी घालून ठेवली, तरी कुणाला कळायचं नाही."

आधी कुणीतरी हसलं. मग ते हसू एकदम थांबलं. भाचा तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा. मावशी खाली बसली.

अध्यक्षांनी तोडगा काढला. रविवारचा सामना संपला की जर्स्या न धुता याच टेबलावर मांडायच्या. पोरं खेळली नाहीत असं दिसलं तर मॅनेजर राहील. खेळून हरली तर मॅनेजर जाईल. सभेला हा तोडगा फार आवडला, कारण त्यात कुणालाच डोकं चालवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बहीण घरी आली. पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही.

"परक्या माणसासाठी घरच्या पोराला उघडं पाडलंस, ताई?"

"मी फक्त धुण्याचं सांगितलं."

"तुझ्या हातचं खाऊन वाढलाय तो."

"म्हणून तर जास्त लागलं मला."

"रविवारी पुन्हा तोंड उघडलंस तर माझं दार तुला बंद. सांगून ठेवते." आणि ती गेली. मावशीला दुसरं कुणी नव्हतं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. एवढी एक बहीण आणि तिचा हा एक पोरगा.

शनिवारी पाऊस पडून गेला. रविवारी संघ दोन गोलांनी हरला. सामना संपल्यासंपल्या सभागृहात टेबलावर अकरा जर्स्या मांडल्या गेल्या. पोरं बनियन आणि चड्ड्यांवर भिंतीला टेकून उभी होती. मावशी आत आली आणि तिचं लक्ष आधी नऊ नंबरवरच गेलं.

नऊ नंबर चिखलाने माखलेली होती. छातीपासून पोटापर्यंत नुसता चिखल, आकडा दिसेना. तीन नंबरसुद्धा तिच्यापुढे फिका.

मावशीच्या छातीतलं ओझं एकदम उतरलं. खेळला की माझा पोरगा! बोलले ते लागलं त्याला. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि आनंदाने डोळे भरून आले. बहिणीकडे जायचं, हात धरायचा आणि म्हणायचं, चुकले बाई मी.

अध्यक्षांनी जर्सी दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवली. "आता काय म्हणता मावशी? पोरांनी जीव ओतला, तरी हरली. म्हणजे दोष कुणाचा?" पंक्चरवाला ओरडला, "घालवा त्याला!" मॅनेजरने टोपी डोक्यावर घातली आणि उठायची तयारी केली. इकडे हात वर जायला लागले होते.

मावशीने सवयीने जर्सी हातात घेतली. आता ब्रशने घासावी लागणार, म्हणून चिखल किती मुरलाय ते ती अंगठ्याने चोळून पाहत होती. गवताचं एक पातं हाताला लागेना. आखलेल्या रेषांचा चुना कुठे दिसेना. तिने जर्सी नाकाशी नेली.

साबणाचा वास आला. तिच्या साबणाचा. एकोणीस वर्षं तिच्या हातांना येतो तोच.

तळपायाची आग मस्तकाला गेली. समोर बहिणीचं बंद दार तिला दिसलं, आणि क्षणभर तिने जर्सी टेबलावर परत ठेवलीही. तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला तीन नंबरचा पोरगा दिसला. कोपर सोललेलं, मान खाली, जणू त्यानेच काही गुन्हा केलाय. तिने जर्सी पुन्हा उचलली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "हा चिखल मैदानाचा नाही. माझ्या नळाजवळचा आहे. वास घ्या."

पोस्टमनने वास घेतला आणि जर्सी मुकाट्याने पुढे सरकवली. पंक्चरवाल्याने दोनदा घेतला.

"आणि त्याचे मोजे बघा. माणूस छातीवर पडला, आणि मोजे पांढरेशुभ्र? उडत गेला होता का?"

भाच्याने एक पाय दुसऱ्यामागे लपवला. आता कुणी हसलं नाही.

"फासायला जेवढी मेहनत घेतलीस ना, तेवढं पळाला असतास तर एखादा गोल झाला असता रे! या माणसाची भाकरी घालवायला माझा चिखल वापरलास? आणि तुम्ही सगळे." ती सभेकडे वळली. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात. जर्सी उचलून बघितलीत, पण पहाटे उठून साडेपाचचा सराव बघायला एक तरी गेलात का? मीही त्यातलीच. सात आठवडे मूग गिळून बसले होते, कारण पोरगा माझा. पण आता बास."

पुन्हा हात मोजले. मॅनेजर राहिला. पंक्चरवाला तरीही म्हणत होता की काहीही असो, माणूस बदलायलाच हवा, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मॅनेजर टेबलापाशी आला, एकेक जर्सी घेऊन बाह्या सुलट्या करू लागला. धन्यवाद वगैरे काही नाही. टोपली मावशीच्या दाराशी ठेवताना एवढंच म्हणाला, "यात दहाच आहेत."

अकरावी घेऊन तासाभराने भाचा आला. मशीन चालू होतं, मावशी पाय लावून उभी होती.

"आई म्हणते, तुझ्याशी बोलायचं नाही."

"मग नको बोलूस."

तो हललाच नाही. जर्सी पुढे करून उभा. "ही धुणार नाहीस?"

"मैदानातला चिखल धुते मी. नळाचा ज्याचा त्याने धुवायचा." तिने साबणाची वडी फळीवर आपटली. "बाहेर नळ आहे. जागा तुला माहीत आहे."

तो वडी उचलून बाहेर गेला. मावशीने वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. चिखलात गुडघे टेकून तो जर्सी घासत होता, आणि घासता येत नव्हतं. साबण दोनदा हातातून निसटला. तिला सांगावंसं वाटलं, आधी पाणी निथळू दे, मग साबण लाव. पण ती मशीन अडवून उभीच राहिली. त्याचे खांदे हलत होते, ते घासल्यामुळे की रडल्यामुळे ते मागून कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो आत आला. जर्सी अर्धवट स्वच्छ झाली होती. मोजे मात्र घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिखलाने काळे.

मावशीने ते पाहिले आणि हात पुढे केला.

"ते काढ," ती म्हणाली. "मोजे मी धुते. आणि उद्या पाचला उठवायला येईन, साडेपाचच्या सरावासाठी. तुझ्या आईने दार नाही उघडलं, तर खिडकीखालून हाक मारीन."