सिनेटरचं कीर्तन

खांद्यावरचं उपरणं सारखं करत काका म्हणायचे, "बरं का मंडळी!" उपरणं फुगीर जॅकेटवर असायचं, आणि मंडळी म्हणजे वाट चुकून आत आलेले दोन अमेरिकन.

काका नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, तरी मी काका म्हणायचे. तेवढंच वय लपतं. तेव्हा मी साठीची तरुणी, गॉगल केसांत अडकवून हिंडायचे. तुम्ही बघितलं असतंत तर हसला असतात.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये एका जुन्या सिनेटरचं घर आहे. त्याने लाकडाच्या धंद्यात पैसा केला, राजकारणात शिरला, मुलींच्या शाळेसाठी सभागृहात भांडला. दोनदा हरला. तिसऱ्यांदा ठराव जिंकला आणि शाळेला स्वतःची जमीन देऊन टाकली. काका दर रविवारी हे घर फुकट दाखवायचे. पण लोक येईनात, म्हणून घर सांभाळणाऱ्या समितीने टूर बंद करायचं ठरवलं. उरला एकच रविवार. काकांचं जेवणावरून लक्ष उडालं.

मग एक दिवस म्हणाले, "सिनेटरवर कीर्तन करतो. इंग्लिशमध्ये. झांजा तू धर."

"काका, लोक हसतील."

"हसू दे की. हसायला तरी येतील."

कीर्तनानंतर पोहे आहेत म्हटल्यावर विद्यापीठातली आपली पोरं मित्रांना घेऊन आली. घर भरलं. मी झांजा पर्समध्ये दडवून खांबाआड उभी.

सिनेटर दुसऱ्यांदा हरला आणि काका सवयीने थांबले, मान वाकवून. आपल्याकडे मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात. इथे हार आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारी बसलेल्या समितीच्या अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, यांना बरं वाटत नाही का? मी म्हटलं, हाराची वाट बघताहेत.

बाई उठल्या. गळ्यातला लोकरी स्कार्फ काढून त्यांनी काकांच्या गळ्यात घातला.

टाळ्यांनी घर दणाणलं. मीही खांब सोडला आणि अशा झांजा बडवल्या की गॉगल पायाशी पडला. उत्तररंगात सिनेटर जिंकला तेव्हा लोक उभे राहिले होते.

बाई काकांना म्हणाल्या, "नेक्स्ट संडे, सेम टाइम."

काका गेल्या हिवाळ्यात गेले. टूर चालू आहे. आता बाईच सांगतात, आणि दारात बूट काढायला जागा उरत नाही. गोष्टीत शाळा उभी राहिली की त्या गायला लागतात, चांगल्याच बेसूर, आणि अख्खं घर त्यांच्यामागून तसंच गातं.