मूठकाकांचा चोथा

रसाच्या कारखान्यात मूठकाकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. एकतीस वर्षं ते दाबयंत्रापाशी उभे होते. सफरचंदांचा रस निघाल्यावर उरलेला चोथा मुठीत घ्यायचा, करकचून आवळायचा, आणि बोटांच्या फटीतून एक थेंब जरी पडला तरी ओरडायचं, "अजून आहे रे त्यात, परत दाबा!" मग कारखान्यात ओल मोजणारं यंत्र आलं. ते ओरडत नव्हतं आणि त्याला चहाही लागत नव्हता. काकांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं.

घरी काकूंच्या सहा दुभत्या शेळ्या होत्या. कारखान्याचा तोच चोथा, वाळल्या गवतात थोडा थोडा मिसळून, काकू त्यांना वर्षानुवर्षं घालत होत्या. गोठा असा लख्ख की काकांना तिथं पाहुण्यासारखं वाटे.

"मी काय करू गं?"

"बसा की जरा."

बसायची सवय कुठली त्यांना! आठ दिवसांत काका येईल-जाईल त्याला सांगू लागले, "आमचा रस कारखान्यानं काढून घेतला. आता राहिलाय तो चोथा." पहिल्यांदा सगळे हसले. दहाव्यांदा काकूंचा जीव तुटला. बहिणीकडे दोन दिवस जायचं निघालं, तेव्हा त्या मुद्दामच म्हणाल्या, "शेळ्यांचं तुम्ही बघा. आधी गवत, मग मूठभर चोथा. विसरू नका."

शेळ्यांची म्होरकी होती सासूबाई. समोर काहीही ठेवा, नाक मुरडल्याशिवाय ती तोंड लावत नसे, म्हणून काकूंनी ठेवलेलं हे नाव. खऱ्या सासूबाई होत्या तोवर ते गोठ्याबाहेर कधी उच्चारलं गेलं नाही.

आता काकांचं डोकं बघा. त्यांना वाटलं, जन्मभर या मुक्या जिवांना आपण पिळून पिळून कोरडा चोथा पाठवला, एकदा तरी पोटभर गोड खाऊ दे. जुन्या सोबत्याला गाठून त्यांनी दुसऱ्या दाबाआधीचा ओलागच्च चोथा पिंपभर आणला आणि गवताआधीच घमेलं भरून पुढे ठेवला. सासूबाईनं नाक मुरडलं नाही. बाकीच्या पाचजणींना शिंगांनी हुसकावून तिनं एकटीनं तीन वेळा घमेलं चाटून पुसून साफ केलं. "माझ्या हातचं कसं खाते बघा!" काका शेजाऱ्यांना सांगत सुटले.

काकू परतल्या तेव्हा सासूबाई कोपऱ्यात बसून होती. पोट ताठ, रवंथ बंद, दूध नाही. जनावरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं आणि म्हणाले, "गोड पोटात आंबलंय. नुसतं वाळलं गवत ठेवा. दोन दिवसांत रवंथ सुरू झाला तर वाचली म्हणा."

काकू चिडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गोठ्यात येऊ नका."

काका पायरीवर जाऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. काकांना मात्र आपल्या उघड्या हाताकडे बघवेना. एकतीस वर्षं ज्या मुठीनं थेंब ओळखले, तिला या वेळी त्यांनी विचारलंच नव्हतं. लाज वाटत होती, आणि शेळी जाईल ही भीतीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला चोथा खड्ड्यात पुरला आणि कारखान्यातून यंत्रानं पास केलेला नवा आणला. मुठीत आवळला, तर टपकन थेंब! काका चिडून मागच्या अंगणात बसले आणि जाड फडक्यात घालून, हात भरून येईपर्यंत पिळत राहिले. थेंब पडायचा थांबला तेव्हाच उठले.

तिसऱ्या सकाळी सासूबाईचा जबडा हळूच हलू लागला. दुपारी काका वाळल्या गवतावर चिमूटभर चोथा भुरभुरून गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"येऊ का गं?"

काकू दारातून बाजूला झाल्या. सासूबाईनं मान लांब केली, गवत हुंगलं, काकांकडे एकदा पाहिलं आणि चांगलं ठसक्यात नाक मुरडलं.

"आल्या गं बाई, सासूबाई परत आल्या!" काकू रडता रडता हसू लागल्या. मग सासूबाईनं उपकार केल्यासारखी एक काडी उचलली. काकांना ती नीट दिसलीच नाही, डोळेच भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सवयीनं पायरीवर येऊन बसले. गोठ्यात येऊ नका, हा हुकूम काही कुणी मागे घेतला नव्हता. चोथ्याची गाडी आली, पिंप उतरवून निघून गेली. आत झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"अहो!" काकूंनी हाक मारली. "बसलात काय? मूठ घेऊन या इकडे!"

काका एकाच पायात चप्पल घालून धावले.