ओल्सन अँड सन

लॅबमधला फोन वाजला की ओल्सनबाई हातातली दुधाची बाटली खाली न ठेवताच रिसीव्हर गाल आणि खांद्याच्या मध्ये अडकवायच्या, पलीकडचं पहिलं वाक्य ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "विच वन?"

कारण पलीकडच्याला कुणीतरी ओल्सन हवा असायचा, आणि आमच्या डेअरीत ओल्सन चार होते. "टँकरवाला हवाय, टक्कलवाला, की बॉयलरवाला?" एवढं विचारून झालं की त्या जरा थांबायच्या. "अँड-सन हवी असेल तर ती मीच."

तुमच्यापैकी जे मिनेसोटात राहून आलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या लहान गावाची टेलिफोन डिरेक्टरी उघडली की ओल्सन, जॉन्सन, अँडरसन, नेल्सन यांची पानंच्या पानं लागतात, आणि मध्येच वाट चुकल्यासारखं एखादं वेगळं आडनाव. आमच्या गावात कुलकर्णी एकच होता. माझा नवरा प्रभाकर आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवायचा. पुण्यात ज्या आडनावाकडे कुणी ढुंकून पाहत नाही त्याला इथे हा मान! ओल्सनबाईंना त्याचा मनापासून हेवा वाटे. त्यांच्याकडे दुसऱ्याच कुणा ओल्सनची लग्नपत्रिका येई, एकदा तर दुसऱ्याच ओल्सनची कवळी आली. एका ओल्सनआजी वारल्या तेव्हा एक बाई डोळे पुसत यांच्या दारात मोठं भांडंभर गरम कॅसरोल घेऊन उभी राहिली. "मग?" मी विचारलं. "मग काय, तिला वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतलं," बाई म्हणाल्या. "चांगलं झालं होतं."

अँड-सन हे नाव गावानं दिलेलं होतं, आणि त्याचं कारण गावाबाहेरच्या रस्त्यावरून जाताना कुणालाही वाचता येई. बाईंच्या वडलांनी नवा गोठा बांधला तेव्हा त्यांच्या बायकोला दिवस गेलेले. म्हातारा तेव्हा तरुण आणि भलताच आशावादी. त्यानं लाल गोठ्यावर पांढऱ्या रंगानं हातभर उंच अक्षरांत लिहून टाकलं, ओल्सन अँड सन. मुलगी झाली. पुढे काही झालं नाही. रंग उडाला की नवा हात मारला जाई, अक्षरं तीच राहिली.

"मोठी झाल्यावर तो रंग मीच लावायला लागले," बाई सांगायच्या. "माझा एस बापापेक्षा चांगला येतो."

मी सांगलीची बी.एस्सी.; लग्न करून थेट या बर्फात येऊन पडले होते. प्रभाकर सकाळी गाडी घेऊन कारखान्यात गेला की दिवसभर खिडकी आणि मी. डेअरीच्या लॅबमध्ये जागा निघाली तेव्हा मी धावतच गेले. गावोगावच्या गोठ्यांतून आलेल्या दुधाची फॅट मोजायची, एवढंच काम. ते मला ओल्सनबाईंनी शिकवलं. बाटली फुटली, बर्फात टँकर अडकला, साहेब आले, काहीही झालं तरी त्यांच्या तोंडून "उफ दा!" निघायचं. नॉर्वेतून आलेल्या माणसांचा तो हुंकार. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई दादाला हाका मारतायत.

त्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. उंच, हाडापेरानं दणकट, हात पुरुषासारखे. डेअरीत येण्याआधी पहाटे त्यांची घरची धार काढून झालेली असायची आणि संध्याकाळी परत गेल्यावर दुसरी. वडील ऐंशीच्या पुढचे, गुडघे गेलेले. आई बाईंच्या तरुणपणीच वारली. बाईंनी कधी रात्र दुसऱ्या गावात काढली नव्हती. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. "गाईला रविवार नसतो," त्या म्हणाल्या आणि बाटल्या लावायला लागल्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना आडनावाचा अर्थ विचारला.

"ओलेचा मुलगा," त्या म्हणाल्या.

मराठीत ओले म्हणजे काय ते मी सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. मग म्हणाल्या, "नॉर्वेत ओले गल्लोगल्ली. म्हणून तर आम्ही एवढे. आणि एकमेकांचे कुणी नाही. पूर्वी हे आडनाव नव्हतंच गं. ओलेचा मुलगा लार्स, म्हणून लार्स ओल्सन. लार्सचा मुलगा नील्स, तो नील्स लार्सन. मुलगी असली तर लार्सडॅटर, लार्सची मुलगी. दर पिढीला बापाचं नाव बदलायचं. मग बोटीत बसून इकडे आले. इथे शाळेत, जमिनीच्या कचेरीत, सगळीकडे बापलेकांचं आडनाव एकच असलं की सोयीचं. मग चाक जिथे होतं तिथे थांबलं. आमचं ओलेवर थांबलं."

"आणि ती डॅटर?"

"ती बहुतेक बोटीतून उतरलीच नाही."

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे आडनाव ठरलेलं, पण मधलं नाव बापाचं असतं. त्या खूश झाल्या. "म्हणजे तुमचं चाक अजून फिरतंय! मग तुझं मधलं प्रभाकर हे वडलांचं?"

"नवऱ्याचं."

"वडलांचं कुठे गेलं?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. लग्नाआधी मी उषा गजानन जोशी होते. लग्नात ताटभर तांदूळ पसरले, प्रभाकरनं त्यावर अंगठीनं 'मृणालिनी' असं लिहिलं, आणि तिन्हीच्या तिन्ही नावं गेली. मृणालिनी ही सासूबाईंची निवड. ते नाव माझ्या अंगावर कधी नीट बसलंच नाही, आणि अमेरिकनांच्या जिभेवर तर नाहीच नाही. हे सांगताना माझा आवाज चढला असणार. मला वाटलं, बाई आता "उफ दा" म्हणून हळहळतील.

त्यांनी नुकतीच हातात घेतलेली बाटली खाली ठेवली. "एका दिवसात? एवढ्या तांदळावर? आणि तू त्या घरातून बाहेर?"

"बाहेर कुठे? दुसऱ्या घरात," मी चिडून म्हटलं.

"तरी," त्या म्हणाल्या. "एक दार उघडलं ना."

मला त्यांचा राग आला. त्या काय म्हणत होत्या ते कळलं मला त्यांचं घर पाहिल्यावर.

उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी आम्हां दोघांना शेतावर बोलावलं. म्हातारा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला होता. तिथून गोठ्याचं दार बरोबर दिसायचं. माणूस गोड होता, वाईट बोलायला मला काही जागा नाही. प्रभाकरशी हात मिळवला, माझ्या साडीचं कौतुक केलं, आणि मग लेकीच्या दंडावर थाप मारून म्हणाला, "ही या काउंटीतला सगळ्यात चांगला मुलगा आहे."

प्रभाकर हसला. हे वाक्य मी मात्र आमच्या सांगलीच्या घरात लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या पाठीवर हात ठेवून बाबा म्हणायचे, "ही मुलगी नाही, माझा मुलगाच आहे." ऐकणारे वाहवा करायचे. ताई लाजायची. तिनं बँकेत नोकरी धरली, आईबाबांचं सगळं केलं आणि त्याच घरात राहिली, कारण मुलगा काही लग्न होऊन जात नाही. कौतुक करूनही माणसाला असं कोंडता येतं, आणि त्यावर ओरडायचीही सोय नसते. ओल्सनबाई बापाच्या खुर्चीवरची घोंगडी सारखी करून धारेला गेल्या.

आणि मग त्यांच्या आयुष्यात तो आला. आमचं फॅटचं मशीन बिघडलं की मिनीआपोलिसहून येणारा दुरुस्तीवाला. विधुर, ठेंगणा, सदा घामेजलेला. त्याचं आडनाव पोलंडकडचं. ते मी इथे लिहीत नाही, कारण आपल्या इतक्या जोडाक्षरांतही ते मावायचं नाही. ओल्सनबाई मात्र ते अक्षर न अक्षर म्हणत. गोळी चघळावी तशा चघळत. "अख्ख्या राज्यात या नावाचा हा एकटा आहे," त्या मला सांगत. "फोन आला तर कुणी विच वन विचारणार नाही." मशीन तेव्हा फारच वारंवार बिघडायला लागलं. डेअरीत सगळ्यांना समजलं होतं, टक्कलवाला ओल्सन तर शिट्टी वाजवायचा.

पुढच्या वर्षी त्या माणसाची बदली ॲरिझोनात, चँडलरला झाली. जाण्याआधी त्यानं बाईंना विचारलं, येतेस का लग्न करून? त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी त्या आमच्या फ्लॅटवर आल्या. मी पोहे केले होते. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "ते तांदळाचं कसं करतात, दाखव."

मी ताटात तांदूळ पसरले आणि माझी अंगठी काढून दिली. ती त्यांच्या करंगळीतही जाईना, म्हणून चिमटीत धरली. आधी स्वतःचं पहिलं नाव लिहिलं, मग त्याचं आडनाव लिहायला घेतलं, आणि अर्ध्यातच ताट संपलं. आम्ही पोरींसारख्या हसलो. मग मी ओव्हनचा मोठा ट्रे काढला, होता नव्हता तेवढा तांदूळ त्यात ओतला. जीभ दातांत धरून त्यांनी सगळी अक्षरं बसवली. तेवढ्यात प्रभाकर आला.

"काय गं, रात्री भात आहे की लग्न आहे?"

"लग्न आहे," मी म्हटलं. "तू बाहेर थांब."

बाई ट्रेकडे पाहत राहिल्या. चेहरा लाल झालेला. मग घड्याळ पाहिलं आणि उठल्या. धारेची वेळ झाली होती.

सोमवारी मी लॅबमध्ये शिरता शिरताच विचारलं, "सांगितलंत वडलांना?"

"सांगितलं."

"चिडले?"

"छे. म्हणाले, माणूस चांगला आहे. धार काढता येते का त्याला?"

"आणि?"

"नाही येत. म्हणाले, मग गाई व्यायल्या की जा."

गाई व्यायल्या. मग गवत कापून होईपर्यंत थांबायचं ठरलं. मग हिवाळ्याच्या चाऱ्याचा मुरघास भरून होईपर्यंत. मी भांडायचे. गडी ठेवा म्हणायचे, गाई विका म्हणायचे, वडलांना बरोबर न्या म्हणायचे. "तिकडे ऊन आहे, त्यांच्या गुडघ्यांना बरं," मी म्हटलं. "त्यांना गोठा दिसला नाही तर झोप येत नाही," त्या म्हणाल्या. म्हातारा कधी एका शब्दानं नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर बाई भांडून निघून तरी गेल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

चँडलरहून जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. बाई भिंतीकडे तोंड करून बोलायच्या आणि मी उगाच नळ सोडून ठेवायचे. हळूहळू फोन विरळ झाले, मग आलेच नाहीत. मशीन दुरुस्त करायला नवा माणूस आला, तो नेल्सन. "नील्सचा मुलगा," बाई म्हणाल्या, हसल्या आणि बाटल्या धुवायला गेल्या. त्या दिवशी सगळ्या बाटल्या त्यांनीच धुतल्या.

काही वर्षांनी, नोव्हेंबरात, म्हातारा झोपेत गेला. आमचं दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला, राहायला जायचं तेव्हा ठरलं होतं, सामान बांधत होते, ते तसंच टाकून मी गेले. खरं सांगते, वाईट वाटण्याआधी माझ्या मनात आलं, सुटली बाई. चर्चमध्ये बसल्या बसल्या मी मनात जुळवणी करत होते. गाई कुणी घेईल का, चँडलरचा तो माणूस अजून एकटा असेल का, त्याचा नंबर यांच्याकडे असेलच.

चर्चमागच्या कबरस्तानात पहिला बर्फ भुरभुरला होता. रांगाच्या रांगा ओल्सनांच्या. शवपेटी खाली गेली, लोक कॉफी प्यायला चर्चच्या तळघराकडे निघाले. बाई एकट्याच मागे थांबल्या म्हणून मी जवळ गेले. "आता तरी," मी सुरुवात केली, आणि तेवढ्यात माझी नजर दगडावर गेली.

वर मोठ्या अक्षरांत ओल्सन. खाली डावीकडे आईचं नाव, शेजारी वडलांचं, आणि त्या दोघांच्या खाली तिसरं नाव. ओल्सनबाईंचं. जन्माचं साल, पुढे एक लहानशी आडवी रेघ, आणि रेघेपुढे गुळगुळीत मोकळी जागा.



"आई गेली तेव्हा बाबांनी तिघांचं एकदमच कोरून घेतलं," त्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची होते."

त्यांनी खाली वाकून हातमोज्यानं स्वतःच्या नावावरचा बर्फ झाडला, टेबलावरची धूळ झाडावी तसा. नावाखाली आणखी एक शब्द कोरलेला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. डॉटर.

"एवढ्या एकाच जागी लिहिलंय त्यांनी," ओल्सनबाई म्हणाल्या. मग त्या सरळ झाल्या, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तू कॉफी पिऊन जा. गाई खोळंबल्यात." आणि काळ्या पोशाखाखाली गमबूट घातलेल्या त्या भराभर पिकअपकडे चालत गेल्या.