राजाचं गेट आणि दिल्लीची परवानगी

संस्थानं विलीन होत होती, तेव्हा मी बऱ्हाणपूरच्या कोर्टाचा बातमीदार होतो. कोर्टात घडायचं त्यातलं जेमतेम निम्मं छापून यायचं. उरलेलं बाररूममध्ये चहाबरोबर साठत जायचं. एका राजेसाहेबांनी तर एकट्यानं माझी वही भरून टाकली!

राज्य गेलं, पण दापोरा गावातली कोठी आणि बाग राहिली. तिथे राहायला येताच राजेसाहेबांनी गावच्या गाडीवाटेवर लोखंडी गेट बसवलं. पलीकडे सुपडू पाटलांची केळी, घड कापायला आलेले. पाटील कोर्टात गेले. निकाल लागला: माजी राजावर दिल्लीच्या परवानगीशिवाय दावा चालत नाही!

पाटलांनी हात जोडले, "साहेब, वाट दापोऱ्याची, गेट दापोऱ्यात, केळी दापोऱ्याची. मधात दिल्ली कुठून आली?"

*

निकालाचा माज आधी ड्रायव्हरला चढला. त्यानं बाजारात राजाची मोटार एका बाईच्या पेरूंच्या टोपलीवर घातली, वर हवालदारालाच दम दिला, "हम पर केस नहीं होता! गाड़ी राजासाहब की है!"

हवालदार शांतपणे म्हणाला, "तो गाड़ी को छोड़ देता हूँ. तू चल!"

*

मी बातमी लिहिली: 'राजानं गावाची वाट अडवली'. संपादक घाबरले. "अहो, त्यांच्यावर दावा होत नाही, पण ते आपल्यावर लावू शकतात!" म्हणून त्यांनी छापलं, 'दापोऱ्याची वाट बंद झाली'.

मी टेबलावर पेपर आपटला. "आपोआप बंद झाली का? वाट आहे, की दुपारचं दुकान?"

*

पाटलांचे वकील देशमुख मात्र खूश दिसले. ते म्हणाले, "पाटील, एक फट आहे. राजानं आधी तुमच्यावर दावा लावला, तर दिल्लीकडून आपल्याला उलट दाव्याची परवानगी मिळू शकते. मग राजाला कोर्टात उभं करू."

पाटलांनी विचारलं, "म्हंजे त्यांनी मले कोर्टात ओढलं पायजे?"

"हो. पण ते कशाला ओढतील?"

"ते माह्यावर सोडा!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी चार गडी लावून गेट उपटलं, बैलगाडीत घातलं आणि थेट कोठीच्या व्हरांड्यात नेऊन टेकवलं. मी पेन्सिल घेऊन मागोमाग होतोच. राजेसाहेब आरामखुर्चीत चहा पीत होते. दिवाणजी लालबुंद होऊन धावत आले.

"सुपड्या! उद्याच दावा लावतो तुझ्यावर!"

"लावा ना, दिवाणसाहेब! तुम्हाले तं दिल्लीले इचारा लागत नाही. आमचे वकीलसाहेब कवाचे वाट पाहून राह्यले!"

दिवाणजींनी राजेसाहेबांकडे पाहिलं. राजेसाहेबांनी पाटलांकडे पाहिलं, मग माझ्या पेन्सिलीकडे. कप खाली ठेवला.

"दीवानजी, गेट अंदर रखवा दीजिए. बाहर पड़ा-पड़ा जंग खाएगा."