हक्कसोडीची साडी

वडील गेले आणि वर्षाच्या आत आमच्या अणदूरच्या घराला कायदा चिकटला. तोवर ते नुसतं घर होतं: चार खोल्या, पुढं पत्रा, मागं न्हाणी. आता लोक त्याला मिळकत म्हणू लागले, आणि मिळकत म्हटलं की ज्यांनी कधी आमच्या दारात चहा घेतला नव्हता त्यांनाही मतं फुटू लागली.

भावाला वर दोन खोल्या चढवायच्या होत्या. त्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं, तर घर एकट्या त्याच्या नावावर हवं, असं त्याला चुलत्यांनी पटवलेलं. चुलते वकिली शिकलेले नाहीत, पण गावातल्या निम्म्या दस्तांवर साक्षीदार म्हणून त्यांची सही आहे, आणि प्रत्येक सहीबरोबर त्यांचा कायदा वाढत गेला. त्यात कलमं थोडी, पण ठाम. घरपट्टीची पावती ज्याच्या नावानं, घर त्याचं. लेकीचं लग्न लावून दिलं की तिचा वाटा तिला पोचला. आणि विधवेला वाटा नसतो, मान असतो.

मी तामलवाडीला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. मी आपलं एका वकिलाला विचारून घेतलं. ते म्हणाले, घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा बायको, मुलगा आणि मुलगी या तिघांचा सारखा वाटा. ग्रामपंचायतीचा उतारा कर वसूल करण्यापुरता असतो, त्यानं कुणी मालक होत नाही. मी हे फोनवर चुलत्यांना सांगितलं.

"वकील सांगणारच की बाई," ते म्हणाले. "त्याला फी घ्यायची असती. म्या फुकट सांगतो."

एवढं माहीत असूनही मी सही द्यायला कबूल झाले होते. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, अशी रीत आहे. जी सही करत नाही तिला पंचमीला कुणी न्यायला येत नाही. मला घराचा तुकडा नको होता, पंचमी हवी होती. शिवाय माझ्या नणंदांनी सह्या केल्या तेव्हा त्यांच्या साड्या मीच निवडल्या होत्या, त्यामुळे तोंड वर करून बोलायला मला फारशी जागाही नव्हती.

रजिस्ट्रीसाठी चुलत्यांनी मंगळवार धरला. देवीचा वार, म्हणजे तुळजापुरात दर्शनही होईल आणि दस्तही होईल. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. आई, भाऊ, चुलते आणि मी देवळाजवळच्या दुकानात शिरलो, तर दुकानदारानं बसायच्या आत विचारलं, "ओटीची दाखवू का रजिस्ट्रीची?" त्याच्याकडं दोन वेगळे ढीग होते. ओटीच्या साड्या पातळ, रजिस्ट्रीच्या जरा काठाच्या. देवी काही कोर्टात जात नाही, बहीण जाऊ शकते, हे त्या व्यापाऱ्याला बरोबर कळलेलं होतं.

भावानं काठाच्या दोन घेतल्या, एक मला आणि एक आईला. मला वाटलं, आईला आपली सोबत म्हणून. पोराला आईची आठवण राहिली याचं मला तेव्हा कौतुकसुद्धा वाटलं.

निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहिणारा बसला होता. त्यानं कागद वाचायला घेतला. 'कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, भावाच्या प्रेमापोटी' वगैरे. प्रेमाचा मजकूर त्याच्याकडं तयारच असतो, फक्त नावं बदलायची. पण हक्क सोडणाऱ्यांत पहिलं नाव आईचं निघालं, माझं दुसरं.

"आईचं कशाला?" मी भावाला विचारलं.

तो गोंधळला. खरंच गोंधळला. आमचा भाऊ लबाड नाही, विचारायच्या आधी ऐकणारा आहे. चुलत्यांनी भावाला सांगितलं होतं, साड्या दोन घे, आणि दस्तवाल्याला, घरातल्या बायकांची नावं टाक. त्यानं टाकली. सगळ्यांच्या दस्तांत अशीच असतात म्हणे.

"पद्धतच हाय ती," चुलते म्हणाले. "कागद साफ पायजे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा हक्क मी कळून सोडत होते. आईला तर वाटत होतं, आपण लेकीच्या सहीला आलोय आणि येताजाता देवीचं दर्शन. मी तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि चुलत्यांनी आम्हाला पुढं घातलं.

साहेब तरुण होते. फोटो काढायच्या आधी त्यांनी आईकडं बघितलं. "आजी, घरावरचा हक्क सोडताय. माहीत आहे ना?"

"म्या?" आई म्हणाली. "ही सोडतीय न्हवं?"

"तुम्ही पण. यावर अंगठा दिला की घरात तुमचा वाटा राहणार नाही. घर मुलाचं."

आईनं अंगठा घ्यायच्या यंत्राकडं पाहिलं, मग भावाकडं. या घराच्या भिंतींना तिनं डोक्यावर घागरी आणून पाणी मारलंय. वडील गवंड्याच्या हाताखाली, आणि ती पाण्याला. तिनं हात पदराखाली घेतला.

"मग आज न्हाय देत," ती म्हणाली.

मला रडूच आलं. खरं सांगायचं तर आनंदानं आलं. मीही पेन खाली ठेवलं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पुढच्यांना बोलावलं.

बाहेर हॉटेलात चहा सांगितला. भावानं पहिली बशी आईपुढं सरकवली. म्हणाला, "राहू दे आई. तिघांच्या नावानं नोंद करू. कर्जाचं बघू काय होतंय ते." मला त्याची दयाही आली, माया तर होतीच.

चुलत्यांना मात्र हे सोसवेना. साक्षीला आलेला माणूस सहीशिवाय परत चाललेला. त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

"वहिनी, रागावू नका," ते म्हणाले. "पण या वयात तुमाला घर करायचंय काय? लेक संभाळतोय, सून करतीय. तुमाला आता कुठं जायचंय?"

"कुठं जायचं न्हाय," आई म्हणाली, "म्हणून तर पायजे."